निवाडा नको, जबाब हवा



दर 1 फेब्रुवारीला आपल्या देशात सगळेच अर्थतज्ज्ञ होतात. दुपारपर्यंत टीव्हीवर काय स्वस्त, काय महाग याची यादी लागते, संध्याकाळी प्राप्तिकराच्या नव्या टप्प्यांचं गणित घरोघरी मांडलं जातं आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राबरोबर तो विषय रद्दीत जातो. मी आज ज्या कामाबद्दल बोलणार आहे ते त्यानंतर सुरू होतं. अर्थसंकल्पी अधिवेशनाला मध्येच काही आठवड्यांची सुट्टी मिळते. त्या काळात संसदेच्या सौधात, कॅमेऱ्यांच्या नजरेआड, खात्यांचे सचिव फायलींचे गठ्ठे घेऊन खासदारांच्या समित्यांसमोर बसतात आणि गेल्या वर्षी मागितलेले पैसे खर्च का झाले नाहीत, हे सांगण्याचा प्रयत्न करतात. समोर बसलेल्यांत सत्ताधारी असतात तसे विरोधकही असतात. आवाज सहसा चढत नाही. सभात्याग क्वचितच होतो. टीव्हीच्या दृष्टीनं हा अगदीच नीरस प्रकार आहे.

या समित्यांपैकी एकीवर मी आज लक्ष ठेवणार आहे: अर्थविषयक स्थायी समिती. एप्रिल 1993मध्ये संसदेनं खातेनिहाय 17 स्थायी समित्या नेमल्या, त्यांतली ही एक. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. त्यांच्या नावाचा उल्लेख आपल्याकडे इतर कारणांनी जास्त होतो, पण संसदेच्या कामकाजावर त्यांच्या कारकिर्दीची सगळ्यात टिकाऊ खूण कोणती, असं मला विचारलं तर मी या समित्यांकडे बोट दाखवीन. 2004मध्ये त्यांची संख्या 24 झाली. प्रत्येकीत 31 खासदार, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. अर्थविषयक समितीच्या कक्षेत अर्थ मंत्रालयाची सगळी खाती, कंपनी व्यवहार मंत्रालय, सांख्यिकी मंत्रालय आणि पूर्वीच्या नियोजन आयोगाच्या जागी आलेला नीती आयोग एवढा पसारा येतो. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरना, सेबीच्या प्रमुखांना, सरकारी बँकांच्या अध्यक्षांना ती बोलावू शकते आणि बोलावते.

आता तिला काय करता येत नाही ते सांगतो, कारण ती यादी अधिक बोलकी आहे. खात्याच्या रोजच्या कारभारात तिनं लक्ष घालायचं नाही. अनुदानाच्या मागण्यांवर अहवाल द्यायचा, पण त्यात कपात सूचनेसारखं काही सुचवायचं नाही. म्हणजे मागितलेल्या रकमेतला एक रुपयाही कमी करा, असं म्हणायची सोय नाही. देशाच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधा येईल असं म्हणून सरकार एखादा कागद द्यायला नकार देऊ शकतं. आणि या सगळ्यातून तावून सुलाखून जी शिफारस बाहेर येईल ती मानण्याचं कुठलंही बंधन सरकारवर नाही. नियमांनुसार समितीचा अहवाल सल्ल्याइतकाच वजनदार.

मग प्रश्न पडतो की असली बिनदाताची समिती पोसायची कशाला? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, त्यांत एक-दोन माजी खासदारही होते. त्याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे नेतो. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारनं लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. एप्रिल 1897मध्ये त्यासमोर साक्ष द्यायला डेक्कन सभेच्या वतीनं फर्ग्युसन कॉलेजातले तिशीतले प्राध्यापक लंडनला गेले. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांची उलटतपासणी कसून झाली. लष्करी खर्च, होम चार्जेस म्हणजे हिंदुस्थानच्या नावावर इंग्लंडात होणारा खर्च, विनिमयाचा तोटा, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतनं, एकेका आकड्यावर त्यांना अडवण्याचा प्रयत्न झाला. गोखले डगमगले नाहीत, कारण त्यांच्या पाठीशी न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण होती आणि गणेश व्यंकटेश जोशी नावाच्या एका शिक्षकानं वर्षानुवर्षं सरकारी अहवालांतून वेचून काढलेले आकडे होते.

आयोगानं 1900मध्ये अहवाल दिला. बहुमताच्या शिफारशी बेताच्याच होत्या. काही खर्चाचा थोडा भार ब्रिटननं उचलावा, इतपत. दादाभाई नौरोजी आयोगाचे सदस्य होते, त्यांनी दोन सहकाऱ्यांसह वेगळा अहवाल दिला. आज वेल्बी आयोगाची बहुमताची शिफारस काय होती, हे इतिहासाच्या प्राध्यापकालाही पुस्तक उघडून बघावं लागेल. साक्षी मात्र अजून वाचल्या जातात. गोखल्यांची, दिनशा वाच्छांची, सुब्रमण्य अय्यरांची साक्ष हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचं साधन झाली, कारण प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापलं गेलं होतं. पुढे 1902पासून गोखले व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात बसू लागले तेव्हाही त्यांच्या हाती काय होतं? अर्थसंकल्पावर बोलता येत होतं, मत देता येत नव्हतं. दुष्काळाच्या काळात तिजोरीत शिल्लक कशी पडते, असा प्रश्न त्यांनी पहिल्याच भाषणात विचारला आणि ही शिल्लक सुबत्तेची खूण नसून जादा करांची आहे, हे आकड्यांनी दाखवलं. 1903मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला. तो केवळ एका भाषणामुळे झाला असं मी म्हणणार नाही. पण मताचा अधिकार नसलेल्या माणसाचं म्हणणं सरकारला खोडून काढता आलं नाही, एवढं तर खरं.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. अर्थकारणावर नजर ठेवणाऱ्या समितीचं बळ तिच्या निष्कर्षात नसतं, तिनं मिळवलेल्या उत्तरात असतं. निवाडा द्यायला गेली की ती पक्षांच्या रेषेवर दुभंगते. जबाब घ्यायला बसली की तिचं काम टिकतं. आपल्या संसदेनं या समित्यांची रचना करताना निवाड्याला फार महत्त्व दिलं आणि जबाबाला फार थोडं. परिणाम आपण भोगतो आहोत.

समितीचा अहवाल संसदेत आला की तीन महिन्यांत सरकारनं प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते लेखी कळवायचं असतं. त्यावर समिती पुन्हा एक अहवाल देते, कार्यवाहीचा. त्याची पाच प्रकरणं ठरलेली असतात. सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी दुसऱ्यात, उत्तर ऐकून समितीनं सोडून दिलेल्या तिसऱ्यात, उत्तर न पटल्यानं पुन्हा बजावलेल्या चौथ्यात आणि ज्यांचं अंतिम उत्तर अजून आलेलंच नाही त्या पाचव्यात. मी विद्यार्थ्यांना सांगतो, बाकीचं नंतर वाचा, आधी चौथं आणि पाचवं प्रकरण उघडा. सरकारला नेमकं काय झोंबतं ते चौथ्यात सापडतं आणि काय लपवावंसं वाटतं ते पाचव्यात. सरकारी भाषेचे मासलेही तिथेच भेटतात. ‘बाब विचाराधीन आहे’, ‘शिफारशीची नोंद घेण्यात आली आहे’ आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘समितीच्या भावना संबंधितांना कळवण्यात आल्या आहेत’. अर्थात त्यांतलं प्रत्येक वाक्य कुणातरी सचिवाच्या सहीनं कागदावर उतरलेलं असतं आणि पाच वर्षांनी तेच वाक्य त्याच्या उत्तराधिकाऱ्यासमोर ठेवता येतं.

असा धाक आपल्या जिल्हा परिषदांना चांगला ठाऊक आहे. राज्य विधिमंडळाची पंचायत राज समिती दौऱ्यावर येणार म्हटलं की ‘पीआरसी येतेय’ या दोन शब्दांवर कार्यालयांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, वर्षानुवर्षं न लिहिलेल्या नोंदवह्या लिहिल्या जातात. समिती कुणाला फासावर देत नाही. ती फक्त विचारते.

अर्थविषयक समितीच्या हिशेबी एक भक्कम यश आहे. 2009च्या कंपनी विधेयकावर तिनं अहवाल दिला तेव्हा तिचे अध्यक्ष यशवंत सिन्हा होते. स्वतः माजी अर्थमंत्री आणि तेव्हा विरोधी पक्षात. 2010च्या अहवालात समितीनं कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा मुद्दा लावून धरला. उद्योगक्षेत्र नाराज, मंत्रालय साशंक. सुधारलेलं विधेयक पुन्हा समितीकडे आलं, 2012मध्ये तिनं पुन्हा अहवाल दिला आणि 2013च्या कायद्यात कलम 135 आलं. 500 कोटींची नक्त मालमत्ता, किंवा 1000 कोटींची उलाढाल, किंवा 5 कोटींचा नफा, यांपैकी एक असेल तर गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी. आज आपल्या गावातल्या शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या व्हॅनवर ‘सीएसआर’ ही तीन अक्षरं दिसतात, त्यांचा उगम त्या बंद खोलीत आहे. ते धोरण चांगलं की वाईट, याबद्दल माझ्या मनात शंका आहेत. कंपन्यांना दानधर्म सक्तीचा करून सरकार आपली जबाबदारी हलकी करतं, असं मला वाटतं. पण प्रक्रिया कशी असावी याचा हा नमुना आहे. उद्योजकांना, लेखापरीक्षकांना, भागधारकांच्या संघटनांना ऐकलं गेलं, सरकारनं लेखी उत्तरं दिली, दोन वेळा कागद फिरला आणि सत्ताधारी-विरोधक दोघांनी मिळून सरकारला हलवलं.

याच समितीनं, याच अध्यक्षांच्या काळात, डिसेंबर 2011मध्ये राष्ट्रीय ओळख प्राधिकरणाचं विधेयक नाकारलं. ‘आधार’ तोपर्यंत नुसत्या सरकारी अधिसूचनेवर चाललं होतं आणि कोट्यवधी लोकांची नोंदणी होऊन गेली होती. संसदेनं कायदा करण्याआधीच योजना कशी राबवली, माहितीच्या सुरक्षिततेचं काय, खर्चाचा अंदाज कुठे आहे, हे प्रश्न समितीनं त्या अहवालात मांडून ठेवले. मग 2016मध्ये नव्या सरकारनं ‘आधार’चा कायदा धन विधेयक म्हणून आणला. धन विधेयकावर राज्यसभा फक्त सूचना करू शकते आणि ते स्थायी समितीकडे गेलंही नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयात 2018मध्ये त्याच प्रश्नांचा कीस पडला. पाच न्यायमूर्तींपैकी धनंजय चंद्रचूड यांनी वेगळा निकाल देताना हे धन विधेयक होऊच शकत नाही, असं म्हटलं. संसदेच्या एका खोलीत सात वर्षं आधी विचारलेल्या प्रश्नांसाठी देशाला न्यायालयात जावं लागलं.

आता निवाड्याच्या मोहाच्या दोन गोष्टी.

पहिली लोकलेखा समितीची आहे, अर्थविषयक समितीची नव्हे. पण धडा तोच. ही समिती आपल्या सगळ्या वित्तीय समित्यांत ज्येष्ठ, 1921ची. पहिली जवळजवळ तीन दशकं तिचं अध्यक्षपद अर्थखात्याचे सदस्य, पुढे अर्थमंत्री भूषवत. ज्याच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याच अध्यक्षतेखाली हिशेबाची तपासणी! राज्यघटना आल्यावर ती लोकसभाध्यक्षांच्या अखत्यारीत आली. तेव्हा त्या पदावर दादासाहेब मावळंकर होते. विरोधी पक्षाचा अध्यक्ष मिळायला मात्र 1967 उजाडावं लागलं. तो मान स्वतंत्र पक्षाच्या मिनू मसानींना मिळाला, जे एकेकाळी मुंबईचे महापौर होते. तेव्हापासून हा संकेत पाळला गेला आहे. नियमात कुठेही लिहिलेला नाही, तरी पाळला गेला आहे, हे आपल्या संसदीय जीवनातल्या थोड्या अभिमानाच्या गोष्टींपैकी एक.

नोव्हेंबर 2010मध्ये टूजी स्पेक्ट्रमवरचा कॅगचा अहवाल आला. एक लाख 76 हजार कोटींचा संभाव्य तोटा, हा आकडा आपल्याला पाठ आहे. लोकलेखा समितीचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी होते. समितीनं महिनोन्‌महिने साक्षी घेतल्या. सचिव आले, तपास यंत्रणांचे प्रमुख आले, उद्योगपती आले. एप्रिल 2011मध्ये अहवालाचा मसुदा बैठकीत आला तेव्हा त्यात पंतप्रधान कार्यालयापर्यंत ताशेरे होते. सत्ताधारी आघाडीच्या आणि तिला साथ देणाऱ्या सदस्यांनी मसुदा फेटाळला, अध्यक्ष उठून गेल्यावर सैफुद्दीन सोझ यांना खुर्चीवर बसवून मतदान घेतलं. जोशींनी आपला मसुदा लोकसभाध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला, त्यांनी तो परत केला. त्या दिवसापासून आजतागायत वाद चालतो तो मसुदा खरा की मतदान खरं याचा. पण त्या साक्षींचं काय झालं, हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला आहे.

दुसरी गोष्ट नोटाबंदीची. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री चलनातल्या सुमारे 86 टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या. अर्थविषयक समितीचे अध्यक्ष तेव्हा वीरप्पा मोईली होते. 18 जानेवारी 2017ला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल समितीसमोर आले. बातम्यांनुसार नऊ लाख 20 हजार कोटींच्या नव्या नोटा चलनात आणल्याचं त्यांनी सांगितलं. किती जुन्या परत आल्या, हे मात्र सांगितलं नाही. पैसे काढण्यावरची बंधनं उठवली तर बँकांपुढे रांगा लागतील का, असा एका सदस्यानं रेटा लावला तेव्हा समितीचेच सदस्य असलेले मनमोहन सिंग मध्ये पडले आणि त्यांनी गव्हर्नरना या प्रश्नाचं उत्तर देऊ नका, असं सुचवलं. ज्यांनी संसदेत नोटाबंदीवर सगळ्यात कठोर टीका केली, त्यांनीच मध्यवर्ती बँकेच्या प्रमुखाला सांभाळून घेतलं. ते स्वतः कधीकाळी त्याच खुर्चीवर बसले होते. हा प्रसंग सभागृहात, कॅमेऱ्यांसमोर घडू शकला असता असं मला वाटत नाही. बंद दाराच्या बाजूनं जे काही बोलता येईल त्यातला हा सगळ्यात चांगला पुरावा, म्हणून तो मी प्रामाणिकपणे पुढे ठेवतो.

पण पुढे काय झालं? 2018मध्ये नोटाबंदीवरच्या अहवालाचा मसुदा तयार झाला. समितीत सत्ताधारी पक्षाचं बहुमत. मसुद्याला विरोध झाला आणि तो अडला. लोकांच्या हाती काय राहिलं ते पाहा. रिझर्व्ह बँकेनं समितीला पाठवलेलं एक लेखी टिपण. त्यात म्हटलं होतं की 7 नोव्हेंबरला सरकारनं बँकेला या नोटा बाद करण्याचा विचार करावा, असा सल्ला दिला आणि दुसऱ्या दिवशी बँकेच्या संचालक मंडळानं तशी शिफारस केली. निर्णय आधी कोणाच्या टेबलावर झाला, याबद्दलचा इतका स्पष्ट लेखी पुरावा तोपर्यंत दुसरा नव्हता. अडकलेल्या अहवालात काय ताशेरे होते हे आज कोणाला आठवत नाही. ते टिपण मात्र चर्चेत राहिलं. जानेवारी 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तेव्हा न्यायमूर्ती नागरत्ना यांनी वेगळं मत देताना प्रस्ताव बँकेकडून नव्हे तर सरकारकडून निघाला, या मुद्द्यावरच भर दिला.

आणि ते टिपण आपल्याला कळलं कसं? फुटलं म्हणून. रघुराम राजन यांनी बुडीत कर्जांवर सप्टेंबर 2018मध्ये अंदाज समितीला लिहिलेलं टिपण असंच वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. बँका कर्ज देताना कशा वाहवत गेल्या, मोठ्या फसवणुकीच्या प्रकरणांची यादी पंतप्रधान कार्यालयाला कशी दिली होती, हे त्यात होतं. दोन्ही बाजूंच्या सरकारांना अडचणीचं, म्हणूनच विश्वासार्ह. नियमांनुसार अहवाल सभागृहात येण्याआधी समितीचं कामकाज उघड करणं हा विशेषाधिकाराचा भंग आहे. म्हणजे देशाच्या अर्थकारणावरचे दोन सगळ्यात मोलाचे कागद नागरिकाला मिळाले ते नियम मोडणाऱ्या कुणामुळे तरी.

सभागृहाची अवस्था काय आहे, ते थोडक्यात. 14 मार्च 2018ला गदारोळात सुमारे अर्ध्या तासात लोकसभेनं सगळ्या मागण्या चर्चेविना मंजूर केल्या. 23 मार्च 2023ला पुन्हा तेच, सुमारे 45 लाख कोटींचा अर्थसंकल्प. अशा वर्षी समितीचा अहवाल हीच काय ती संसदेची तपासणी ठरते. त्यात 2024सारखं वर्ष आलं की तीही नाही: अर्थसंकल्प जुलैत मांडला गेला, ऑगस्टमध्ये मंजूर झाला आणि समित्या नेमल्या गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस. विधेयकांचं म्हणाल तर पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत 16 टक्के. आर्थिक कायद्यांना आणखी एक चोरवाट आहे, वित्त विधेयक. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात पतधोरण समिती आली ती 2016च्या वित्त कायद्यातून, निवडणूक रोखे आले ते 2017च्या. देशाचं व्याजदर ठरवण्याचं यंत्र बदललं जातं आणि अर्थविषयक समितीनं त्या विधेयकाचं एक पानही उलटलेलं नसतं!

उलट बाजूही सांगायला हवी. 2025चं प्राप्तिकर विधेयक 31 खासदारांच्या प्रवर समितीकडे गेलं, तिनं 285 सूचना केल्या, सरकारनं जुना मसुदा मागे घेऊन सुधारलेला आणला. ऑगस्टमध्ये तो लोकसभेत काही मिनिटांत, चर्चेविना मंजूर झाला. सभागृहात शून्य काम, समितीत सुमारे पाच महिन्यांचं. ज्यांना समित्या म्हणजे वेळकाढूपणा वाटतो त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

व्याजदराचा विषय निघालाच आहे तर मला वाटतं या समितीची खरी कसोटी तिथेच आहे. कायद्यानं रिझर्व्ह बँकेला चार टक्के महागाईचं लक्ष्य दिलं आहे, दोन टक्के वर-खाली चालेल. सलग तीन तिमाह्या ते हुकलं तर बँकेनं सरकारला लेखी कळवायचं: का हुकलं, काय उपाय करणार, किती काळ लागेल. 2022मध्ये हे पहिल्यांदा घडलं. 3 नोव्हेंबरला पतधोरण समितीची खास बैठक झाली, पत्र सरकारला गेलं. ते प्रसिद्ध झालं नाही. कायद्यात तशी तरतूद नाही, असं सरकारचं उत्तर. डाळ-तेल विकत घेणाऱ्या माणसाच्या खिशाला ज्या चुकीचा फटका बसला तिचं स्पष्टीकरण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलं आणि फाईलबंद झालं. ब्रिटनमध्ये असं पत्र त्याच दिवशी जाहीर होतं आणि बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरना हाउस ऑफ कॉमन्सच्या ट्रेझरी समितीसमोर उघड सुनावणीत बसावं लागतं. त्या समितीचं वजन किती, हे 2022च्या सप्टेंबरात दिसलं. नव्या अर्थमंत्र्यांनी स्वतंत्र अंदाजाशिवाय करकपातीचा बेत जाहीर केला, बाजार कोसळला आणि समितीचे अध्यक्ष, जे सत्ताधारी पक्षाचेच होते, ते अंदाज ताबडतोब प्रसिद्ध करा म्हणून पत्रावर पत्रं लिहीत राहिले. ब्रिटनची नक्कल करा, असं मी म्हणत नाही. तिथल्या उघड सुनावण्यांत नाटकीपणाही पुष्कळ असतो. पण महागाईचं पत्र किमान आपल्या अर्थविषयक समितीच्या टेबलावर यावं आणि त्यावर गव्हर्नरची साक्ष व्हावी, इतकी अपेक्षा फार नाही.

अशी साक्ष घेणार कोण, हा पुढचा प्रश्न. समितीची मुदत एक वर्ष. दरवर्षी नवी नेमणूक, नवे चेहरे. पतधोरणाची, दिवाळखोरी कायद्याची परिभाषा अंगवळणी पडते न पडते तोच खासदार रेल्वेच्या किंवा कोळशाच्या समितीत गेलेला असतो. मदतीला लोकसभा सचिवालयाचे मोजके अधिकारी, जे कष्टाळू आहेत पण अर्थशास्त्राचे संशोधक नाहीत. अमेरिकेनं 1974मध्ये काँग्रेसला स्वतःचं बजेट ऑफिस दिलं. आपल्या समितीला मंत्रालयाच्या आकड्यांची तपासणी मंत्रालयानंच दिलेल्या आकड्यांवरून करावी लागते. गोखल्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी होते. या 31 जणांमागे तसं कोणी नाही. समितीची मुदत लोकसभेइतकी करणं आणि तिला आठ-दहा पूर्णवेळ संशोधक देणं, याला देशाच्या अर्थसंकल्पात जो खर्च येईल तो शोधायला भिंग लागेल.

पण माझा मुख्य आग्रह साक्षींबद्दल आहे. समितीचा अहवाल मंजूर होवो अथवा न होवो, घेतलेल्या साक्षी आणि आलेली लेखी उत्तरं, सुरक्षेशी संबंधित भाग वगळून, ठरावीक मुदतीत सभागृहाच्या पटलावर आलीच पाहिजेत. लोकसभा विसर्जित होताना अपुऱ्या राहिलेल्या विषयांचीही. एकमत झालं नाही तर निष्कर्ष छापू नका. वाटल्यास प्रत्येक पक्षानं आपली भिन्नमत पत्रिका जोडावी. पण प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं, हे कोणत्याही बहुमताला अडवता येऊ नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो हलका नाही. साक्षी छापल्या जाणार म्हटल्यावर अधिकारी मोकळेपणानं बोलतील का? एखाद्या गव्हर्नरला मनमोहन सिंगांसारखं कुणी सांभाळून घेईल का? माझं उत्तर असं की मुदत ठेवा. साक्ष झाल्यावर सहा महिन्यांनी, बाजाराला हादरा देणारा भाग असेल तर दोन वर्षांनी. दाराआडचा मोकळेपणा त्या काळापुरता राहील. राहिला प्रश्न अधिकाऱ्याच्या भीतीचा. जो सचिव समितीला आज एक सांगतो आणि दोन वर्षांनी ते छापून येणार म्हणून घाबरतो, त्याची भीती आपल्या कामाचीच आहे. शिवाय बोलायला न घाबरणाऱ्यांना आजची पद्धत काही संरक्षण देत नाही. त्यांचं म्हणणं निवडक तुकड्यांत, निवडक वार्ताहरांकडे, कुणाच्या तरी सोयीनं फुटतं.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. नवा कायदाही नाही. समितीच्या साक्षी केव्हा आणि किती उघड करायच्या, हे सभागृहाच्या नियमांच्या आणि लोकसभाध्यक्षांच्या निदेशांच्या हातात आहे. 2004मध्ये अशाच एका निदेशानं मंत्र्यांवर बंधन घातलं की समितीच्या शिफारशींवर काय केलं ते त्यांनी सहा महिन्यांतून एकदा सभागृहात स्वतः सांगावं. त्याला कोणाचा मोठा विरोध झाला नव्हता. आजही अर्थराज्यमंत्री उभे राहून तसं निवेदन पटलावर ठेवतात, बहुतेक वेळा गोंगाटात. ते निवेदन छापलेलं मिळतं आणि ज्याला वाचायचं आहे त्याला वाचता येतं.